त्रेपन्नावा दरवाजा

बावन्न दरवाजांच्या आपल्या शहरात आता घरोघरी आणखी एक दरवाजा झालाय. तो दिसत नाही, करकरत नाही आणि बऱ्याच घरांत सताड उघडाच असतो. घरचं वायफाय नीट लावायचं कसं आणि त्याला कुलूप घालायचं कसं, याचा हा सोप्पा फंडा!

पूर्वी पाहुणा घरात आला की आपण आधी पाणी विचारायचो. आता पाण्याचा पेला हातात यायच्या आत पाहुणाच विचारतो, ‘वायफायचा पासवर्ड काय रे?’ आणि आपणही मोठ्या मनानं सांगून टाकतो. आज मावसभाऊ, उद्या शेजारची बारावीतली मुलगी, परवा वरच्या मजल्यावरचे बॅचलर्स. वर्षभरात तो पासवर्ड अख्ख्या बिल्डिंगला तोंडपाठ! वर आपलं ठरलेलं उत्तर तयार असतंच, ‘जाऊ दे ना, अनलिमिटेड तर आहे. काय बिघडतं?’

बिघडतं, बॉस. स्पीड कमी होतो, व्हिडिओ अडकतो, हे झालं किरकोळ. खरा मुद्दा वेगळाच आहे. कनेक्शन कुणाच्या नावावर आहे? घरात दहा मोबाईल असोत की दोन लॅपटॉप, राउटरमधून बाहेर पडताना त्या सगळ्यांचा पत्ता एकच होतो. त्याला म्हणतात पब्लिक आयपी अॅड्रेस. अमुक वेळी तो पत्ता कुणाला दिला होता, याची नोंद इंटरनेट कंपनीकडे असते आणि त्या नोंदीत नाव असतं ते बिल भरणाऱ्याचं. म्हणजे तुमचं! वरच्या मजल्यावरच्या पोरानं काय उद्योग केले, हे त्या नोंदीत कुठेच दिसत नाही.

सानपाड्याचा तो ईमेल

हे काही घाबरवण्यासाठी रचलेलं नाही. आपल्याच राज्यात घडलेलं आहे.

२६ जुलै २००८. शनिवारची संध्याकाळ. अहमदाबादमध्ये एकामागोमाग एक बॉम्बस्फोट झाले आणि पन्नासहून जास्त माणसांचा जीव गेला. पहिला स्फोट व्हायच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ईमेल आला होता. तपास यंत्रणांनी आयपी अॅड्रेसचा माग काढला आणि पोलीस थेट येऊन पोचले नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका बहुमजली इमारतीत. फ्लॅटमध्ये राहत होता एक अमेरिकन नागरिक.

चौकशी झाली, घरातले कॉम्प्युटर तपासणीसाठी गेले, नाव जगभरच्या बातम्यांमध्ये झळकलं. अखेर निष्पन्न काय झालं? तर त्या माणसाचा कटाशी काडीचाही संबंध नव्हता. त्याचं वायफाय असुरक्षित होतं आणि कुणीतरी रेंजमध्ये येऊन ते वापरलं होतं. बस्स, एवढंच. पण ते सिद्ध होईपर्यंत त्याचं जे काही झालं असेल, त्याची भरपाई कोण करणार?

आणि हे एकदाच झालं असं नाही. त्याच वर्षी २३ ऑगस्टला आलेल्या ईमेलचा माग मुंबईत माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कपर्यंत गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळी आलेला ईमेल चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वायफायवरून गेला होता. तीन ईमेल, तीन पत्ते आणि तिन्ही ठिकाणचे लोक बेखबर!

या प्रकारानंतर जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन शहरात फिरून उघडी वायफाय नेटवर्क शोधायची मोहीम जाहीर केली. पुढच्याच महिन्यात केंद्राच्या दूरसंचार विभागानं इंटरनेट कंपन्यांना ग्राहकांचं वायफाय सुरक्षित करण्याबद्दल सूचना दिल्या. आज नवीन कनेक्शनबरोबर येणाऱ्या राउटरला आधीपासून पासवर्ड असतो, यामागे हे सगळं रामायण आहे.

‘मग झालं तर! आता पासवर्ड असतोच की,’ असं म्हणाल तर थांबा. पासवर्ड असणं वेगळं आणि तो कामाचा असणं वेगळं. चला, डब्यातून राउटर बाहेर काढण्यापासूनच सुरुवात करू.

आधी जागा, मग जादू

नेटवाला वायर घेऊन येतो आणि जिथे वायर संपते तिथे राउटर ठोकून जातो. बहुतेक वेळा ती जागा म्हणजे दाराजवळचा कोपरा नाहीतर टीव्हीमागचं कपाट. दोन्ही चूक! राउटरचे सिग्नल चहूबाजूंनी पसरतात. राउटर दाराशी असेल तर अर्धा सिग्नल जिन्यात आणि शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये. बेडरूममध्ये मात्र तुम्ही मीटिंगमध्ये ‘हॅलो, आवाज येतोय का?’ करत बसणार. तेव्हा नेटवाल्याला चार-पाच मीटर वायर जास्त ओढायला सांगा आणि राउटर घराच्या मध्यावर, खांद्याच्या उंचीच्या वर बसवा.

लोखंडी कपाट, मोठा आरसा, माशांची टाकी आणि काँक्रीटच्या जाड भिंती सिग्नल गिळतात. मायक्रोवेव्ह ओव्हनशेजारी तर राउटर अजिबात नको. कारण ओव्हनही साधारण २.४ गिगाहर्ट्झवरच चालतो आणि वायफायचा जुना पट्टाही तोच. इकडे पॉपकॉर्न फुटतात आणि तिकडे व्हिडिओ कॉल!

पट्ट्यांचं गणितही सोपं आहे. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंती ओलांडतो, पण स्पीड कमी आणि आसपासच्या सगळ्यांची गर्दी तिथेच. ५ गिगाहर्ट्झचा स्पीड झकास, पण दोन भिंतींमध्ये दम टाकतो. म्हणून ऑफिसचा लॅपटॉप आणि टीव्ही ५ वर, लांबच्या खोलीतले मोबाईल आणि कॅमेरा २.४ वर. अपार्टमेंटमध्ये २.४ फारच रडत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी जे रिकामं असेल ते निवडा. एकमेकांच्या अंगावर न येणारी ही तीनच चॅनेल आहेत.

आणि आपल्या गावाची खास अडचण, एप्रिल-मेचं ऊन! बंद कपाटात किंवा पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेला राउटर तापला की आपोआप बंद-चालू व्हायला लागतो. त्याला हवा लागते. लाइट जाते त्या भागात राहत असाल तर राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो, तो घेऊन टाका. घेताना राउटरच्या अडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते तेवढं जुळवून बघा.

दोन कुलपं, दोन किल्ल्या

आता मुख्य गोष्ट. राउटरला एक नाही, दोन पासवर्ड असतात आणि सगळा घोळ इथेच होतो.

पहिला वायफायचा. हा आपण पाहुण्यांना सांगतो तो. याला घराच्या दाराची किल्ली समजा. दुसरा अॅडमिनचा. राउटरची सेटिंग उघडणारा. ही झाली तिजोरीची किल्ली. पहिला बदलायचा हे बऱ्याच जणांना माहीत असतं. दुसरा मात्र कंपनीनं दिलेला तसाच राहतो आणि बऱ्याच मॉडेलना तो निव्वळ ‘अॅडमिन’ एवढाच असायचा. युजरनेमही अॅडमिन, पासवर्डही अॅडमिन!

याचा फटका कसा बसतो, ते २०१७ च्या जुलैमध्ये दिसलं. बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मॉडेम एका व्हायरसच्या हल्ल्यात बंद पडले. फटका बसला तो पासवर्ड न बदललेल्या मॉडेमना. शेवटी कंपनीला ग्राहकांना सांगावं लागलं, बाबांनो, डिफॉल्ट पासवर्ड बदला!

बदलायचा कसा? राउटरला जोडलेल्या लॅपटॉपवर किंवा मोबाईलवर ब्राउझर उघडा आणि पत्त्याच्या जागी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका. तुमच्या राउटरचा नेमका पत्ता त्याच्या बुडाला चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. लॉगिनही तिथेच. आत गेलात की ‘सिस्टिम’ किंवा ‘मॅनेजमेंट’ असा विभाग शोधा आणि अॅडमिनचा पासवर्ड आधी बदला. काही कंपन्या हे काम त्यांच्या मोबाईल अॅपमधून करू देतात. काही अॅडमिनचा पासवर्ड ग्राहकाला देतच नाहीत, तेव्हा कस्टमर केअरला फोन लावा आणि बदलून मागा. लाजायचं काय त्यात?

तिथेच ‘रिमोट मॅनेजमेंट’ दिसलं तर बंद करा. म्हणजे घराबाहेरून कुणाला सेटिंग उघडताच येणार नाही. कंपनी तिची देखभाल याच वाटेनं करत असेल, तर तो पर्याय तुम्हाला दिसणारच नाही किंवा बदलता येणार नाही. मग त्याच्या नादी लागू नका.

कुठलं कुलूप घ्याल?

वायफायच्या सिक्युरिटीमध्ये चार-पाच पर्यायांची यादी येते आणि माणूस गोंधळतो. गोंधळू नका. डब्ल्यूईपी हे सगळ्यात जुनं कुलूप. ते २००१ मध्येच तुटलं. डब्ल्यूपीए २००३ मध्ये तात्पुरती सोय म्हणून आलं. त्याचेही दिवस संपले. २००४ चं डब्ल्यूपीए२ आजही चालतं, फक्त त्यापुढे ‘एईएस’ लिहिलेलं हवं. आणि २०१८ मध्ये आलेलं डब्ल्यूपीए३ सगळ्यात भक्कम. राउटरमध्ये डब्ल्यूपीए३ असेल तर तेच निवडा. घरातला एखादा जुना मोबाईल जोडला जात नसेल तर ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा मिश्र पर्याय घ्या.

डब्ल्यूपीएस नावाचं एक बटण असतं. पासवर्ड न टाकता जोडणी करून देतं. सोयीचं वाटतं, पण त्याच्या आठ आकडी पिनमध्ये मोठी गोची आहे. २०११ मध्ये ती उघड झाली. राउटर हा पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा बाकीच्या सातांवरून ठरतो. त्यामुळे कोट्यवधी नव्हे, तर फार तर ११ हजार वेळा अंदाज मारला की काम तमाम. डब्ल्यूपीएस बंद!

नेटवर्कचं नाव लपवून ठेवलं की आपण सेफ, असा एक गोड गैरसमज आहे. लपवलेलं नाव शोधणारी अॅप फुकट मिळतात. त्यापेक्षा नावात फ्लॅट नंबर, आडनाव घालू नका, तेवढं पुरे.

मोबाईल नंबर? नको रे बाबा!

आता वायफायचा पासवर्ड. आपल्याकडे सगळ्यात लाडका पासवर्ड कुठला, तर घरातल्या कुणाचा तरी मोबाईल नंबर. दहा आकडे म्हणजे मजबूत वाटतं ना? जरा हिशेब करू.

आपले मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतात. म्हणजे एकूण शक्यता फक्त ४०० कोटी. ‘फक्त’ का? तर तुमचा मोबाईल राउटरला जोडला जाताना दोघांमध्ये जी ओळखपरेड होते, ती डब्ल्यूपीए२ मध्ये रस्त्यावरूनही टिपून घेता येते. मग घरी बसून, तुमच्या राउटरला हातही न लावता, कॉम्प्युटरला अंदाज मारायला लावायचं. पोरं गेम खेळायला घेतात तसलं दमदार ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांहून जास्त अंदाज मारतं. म्हणजे तुमचा दहा आकडी पासवर्ड काही तासांत खल्लास. आठ आकडी जन्मतारीख तर चहा उकळायच्या आत!

मग करायचं काय? लांब पासवर्ड ठेवायचा. वायफायला कमीत कमी ८ आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा पासवर्ड चालतो. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा, मध्ये एखादा आकडा टाका. उदाहरणार्थ हिमरू, गच्ची, कैरी, स्टेपनी. वाचायला मजेशीर, लक्षात राहायला सोपं आणि यंत्राला मात्र डोकेदुखी. फक्त हेच चार शब्द ठेवू नका, ते छापून आलेत!

नाही कसं म्हणायचं?

हे सगळं केलंत आणि रविवारी शेजारचे काका आले. ‘बेटा, नेट गेलंय, पासवर्ड देतोस का जरा?’ आता काय? नाही म्हटलं तर वर्षाची कटकट, हो म्हटलं तर मेहनत पाण्यात.

यावर भन्नाट उपाय आहे, गेस्ट नेटवर्क. आजकालच्या बऱ्याच राउटरमध्ये हा पर्याय असतो. तुमच्याच राउटरवर दुसरं नाव, दुसरा पासवर्ड. पाहुण्यांना नेट मिळतं, पण तुमचा लॅपटॉप, प्रिंटर, हार्ड डिस्क त्यांना दिसत नाही. क्यूआर कोड काढून फ्रीजवर चिकटवा, पासवर्ड सांगायची भानगडच नको. आणि रात्री झोपताना किंवा पाहुणे गेले की गेस्ट नेटवर्क बंद करून टाका.

पण एक लक्षात ठेवा. गेस्ट नेटवर्कमधूनही बाहेर जाणारा पत्ता तुमचाच असतो. म्हणून ते घरी आलेल्या माणसासाठी, तेवढ्या वेळापुरतं. महिनोन्‌महिने शेजाऱ्यांना पुरवण्यासाठी नाही. तिथे सरळ सांगा, ‘काका, ऑफिसचं काम याच नेटवर चालतं, कंपनी दुसऱ्याला देऊ देत नाही.’ वर्क फ्रॉम होम करणाऱ्यांसाठी हे बहुधा खरंच असतं. वर काकांना नवीन कनेक्शन घ्यायला मदत करा, संबंध टिकतात.

वाळूजला किंवा शेंद्र्याला नोकरी आणि गारखेड्यात, सिडकोत चार मित्रांचा मिळून फ्लॅट, असा तुमचा सीन असेल तर आणखी एक नियम. रूम पार्टनर सोडून गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदला. माणूस कितीही जिवलग असो. त्याचा जुना मोबाईल पुढे कुणाच्या हातात गेला, हे तुम्हाला कळणार नाही. आणि घरमालकाच्या नावावरचं नेट वापरत असाल तर हा लेख त्यांनाही वाचायला द्या. विद्यार्थी ठेवणाऱ्या मालकांनी तर नक्कीच वाचावा. पोरं दर वर्षी बदलतात, पासवर्ड मात्र तोच राहतो.

घरातले गुपचूप पाहुणे

सीसीटीव्ही कॅमेरा, स्मार्ट टीव्ही, वायफायवाला बल्ब हेसुद्धा नेटवर आलेले पाहुणेच. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या बड्या साइट काही तास कोलमडल्या. त्यामागे होतं ‘मिराई’ नावाचं एक घातक सॉफ्टवेअर. ते कंपनीनं दिलेले साठेक ठरावीक पासवर्ड वापरून घरगुती कॅमेरे आणि राउटर ताब्यात घ्यायचं आणि हल्ल्याला जुंपायचं. मालकांना पत्ताही नसायचा. तेव्हा कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड पहिल्या दिवशी बदला आणि जमलं तर अशा वस्तू गेस्ट नेटवर्कवरच ठेवा.

राउटर दुसऱ्याच्या ताब्यात गेला तर आणखी एक धोका असतो. त्यातलं डीएनएस सेटिंग, म्हणजे साइटचं नाव टाकलं की पत्ता शोधून देणारी डिरेक्टरी, बदलता येतं. तुम्ही बँकेचं नाव टाकता आणि उघडतं भलतंच पान. अशा वेळी ब्राउझर सुरक्षिततेचा इशारा देतो. तो इशारा ‘पुढे चला’ म्हणून ढकलू नका.

पुन्हा एकदा, चटकन!

• अॅडमिनचा पासवर्ड बदलला? वायफायपेक्षा वेगळा ठेवला?

• सिक्युरिटी डब्ल्यूपीए३ किंवा डब्ल्यूपीए२-एईएस केली?

• डब्ल्यूपीएस आणि रिमोट मॅनेजमेंट बंद केलं?

• चार-पाच शब्दांचा लांब पासवर्ड ठेवला?

• गेस्ट नेटवर्क तयार केलं?

• फर्मवेअर अपडेट केलं? राउटरमधल्या सॉफ्टवेअरची ही दुरुस्ती असते. ‘ऑटो अपडेट’ असेल तर चालू ठेवा. कंपनीनं अपडेट देणंच बंद केलं असेल तर राउटर बदलायची वेळ झाली.

• ‘कनेक्टेड डिव्हाइसेस’ची यादी पाहिली? घरातल्या वस्तू मोजा. आकडा जुळत नसेल तर पासवर्ड बदला, आगंतुक आपोआप बाहेर.

• नेट बिघडलं आणि टेक्निशियननं पिन टोचून राउटर रीसेट केला? मग सगळं पुन्हा मूळपदावर! तो जायच्या आत सेटिंग परत करून घ्या.

आणि एवढं करूनही खात्यातून पैसे गेलेच, तर राउटरशी खेळत बसू नका. ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा. पैसे पुढे सरकायच्या आत अडवता आले तर आले, म्हणून तिथे मिनिटामिनिटाला किंमत आहे.

हा सगळा खटाटोप साधारण अर्ध्या तासाचा. कॅनॉटला कॉफी पीत टाइमपास करतो, त्याहून कमी! या रविवारी राउटर उलटा करून स्टिकर वाचा आणि लागा कामाला. सानपाड्यातल्या त्या फ्लॅटची बेल वाजली तेव्हा उशीर झाला होता. तुमच्याकडे अजून अख्खा रविवार आहे.